तिचा पगार तुझ्या कपाटात काय करतोय?

पत्र (थोडं कापून देतेय):

मावशी, आम्ही सहा वर्षं सिंगापूरला आहोत, मी आणि मिस्टर दोघंही जॉब करतो, मुलगी पाच वर्षांची. दोन वर्षांपासून आमच्याकडे इंडोनेशियाची हेल्पर आहे, तिला सीती म्हणू. वय 32, नवऱ्याने सोडलंय, मुलगा गावी आजीकडे असतो. कामाला चोख, साबुदाण्याची खिचडी तर माझ्यापेक्षा मोकळी करते. तिला आम्ही कधी परकी मानलं नाही, आमच्याबरोबर टेबलावर जेवते, दिवाळीला तिलाही ड्रेस घेतो, दर रविवारी सुट्टी, फक्त सातच्या आत घरी यायचं. (पैसेही तिचे मीच सांभाळते, महिन्याच्या साडेसहाशे डॉलर पगारातले साडेतीनशे तिच्या घरी पाठवते, पन्नास वरखर्चाला देते, बाकीचे माझ्या कपाटात वेगळ्या पाकिटात, अगदी लिहून ठेवते, या बायकांच्या हातात पैसा टिकत नाही म्हणून.) पण गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीने तिला लिटल इंडियात एका बांगलादेशी माणसाबरोबर हातात हात घालून फिरताना बघितलं. मला धक्काच बसला. आणि मग लक्षात आलं की हल्ली ती सारखे पैसे मागते, पूर्वी कधी मागायची नाही. उद्या तिला दिवस गेले तर? तिच्यासाठी आम्ही सरकारला पाच हजार डॉलरचा हमीचा बॉन्ड दिलाय, तो जप्त होईल. सहामाही मेडिकल पुढच्या महिन्यात आहे, ते आधीच करून घेऊ का? मोठ्या बहिणीच्या नात्याने कसं समजावू तिला? मिस्टर म्हणतात लक्ष घालू नकोस. तिचं वर्क परमिटही रिन्यूला आलंय.
— काळजीत पडलेली

अगं, तो बांगलादेशी राहू दे बाजूला. मला ते कंसातलं सांग आधी.

पाकिटाचं लिहिलंयस बघ, जाता जाता, खिचडी आणि दिवाळीच्या ड्रेसच्या यादीत आणखी एक चांगलं काम म्हणून टाकलंयस ते. मी हिशोब करत बसले. महिन्याला अडीचशे डॉलर तुझ्याकडे राहतात. पहिले सहा-सात महिने तिला कामाला लावणाऱ्या एजंटचं कर्ज पगारातून कापण्यात गेले असं धरलं तरी आज त्या पाकिटात चार हजारांच्या वर असायला हवेत, म्हणजे आपले अडीच लाख रुपयांच्या पुढे. एवढी रक्कम तुझ्या साड्यांच्या मागे पडून आहे, जिची आहे ती शेजारच्या खोलीत इस्त्री करतेय, आणि तुला टेन्शन कसलं, तर तिने कोणाचा हात धरलाय त्याचं.

तुला बहुतेक माहीत नसेल म्हणून सांगते, नसेल माहीत असंच धरून चालते. सिंगापूरमध्ये 2019 च्या जानेवारीपासून हेल्परचे पैसे मालकाने स्वतःकडे सांभाळून ठेवायला बंदी आहे, तिने स्वतः 'ठेवा मॅम' म्हटलं तरी नाही ठेवायचे. पगार दर महिन्याला, महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत, पूर्ण, तिच्या हातात नाहीतर तिच्या खात्यात. हे मोडलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मॅनपॉवर मिनिस्ट्रीची लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवल्याबद्दल सरकारला भरायचा कर, मात्र तुझ्या खात्यातून आपोआप न चुकता कटत असेल ना, महिन्याचे तीनशे, एक दिवस मागेपुढे नाही? सरकारचे पैसे सांभाळून ठेवावेत असं तुला कधी वाटलं नाही.

आणि 'अगदी लिहून ठेवते' हे सांगू नकोस मला. लिहिलंयस ते चांगलंच, पुढे उपयोगी पडेल, पण आमच्या सासवासुद्धा लिहून ठेवायच्या. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायका शाळेत, बँकेत, टेलिफोनमध्ये कामाला होत्या, एक तारखेला पगाराचं पाकीट सासूबाईंच्या हातात जायचं आणि मग बसच्या पासाला, तुटलेल्या चपलेला पैसे मागायचे, मागताना कशाला हवेत तेही सांगायचं. सासूबाई लबाड नसायच्या, पै न पै जपायच्या, हिशोब चोख असायचा. पण सुनेने भावाच्या मुलाला शंभर रुपये द्यायचं मनात आणलं की आठवडाभर घरात तोंडं पडलेली, आणि एखादी आपणहून मागायला लागली की पहिला संशय हाच, बाहेर काहीतरी चालू आहे. तू आणि तुझ्या मैत्रिणी या गोष्टी ऐकून 'बापरे, कसं सहन केलं तुम्ही' म्हणता. सीतीने पण तसंच सहन केलं, अजून काय!

'हल्ली सारखे पैसे मागते' म्हणतेस. तिचेच मागतेय ना? तुझ्याकडून एक डॉलर उसना नाही मागितलेला तिने, निदान तुझ्या पत्रात तरी नाही.

आता ते परमिट. तू ते शेवटच्या ओळीत लिहिलंस, तिच्या डोक्यात रात्रंदिवस तेच असणार. जिची दोन वर्षांची शिल्लक दुसऱ्याच्या कपाटात आहे ती 'मॅम, मला पुढे नाही राहायचं' कुठल्या तोंडाने म्हणेल? आणि समजा राहते म्हणाली, तर तुमच्या मायेपोटी राहिली की पाकिटापोटी, हे तुला तरी कसं कळणार. मला विचारशील तर ती हल्लीच का मागायला लागली याचं उत्तर त्या माणसापेक्षा या तारखेत असण्याची शक्यता जास्त आहे. चुकत असेन मी, सीतीला मी ओळखत नाही, ती फार भोळी आहे वगैरे माझं काही म्हणणं नाही. तो माणूस तिला लुबाडणाराही निघेल. निघू दे. बत्तीस वर्षांची बाई आहे, देश सोडून दुसऱ्याची पोर वाढवतेय आणि स्वतःचं पोर व्हिडिओ कॉलवर, तिला स्वतःच्या पैशाने चूक करायची मोकळीक आहे.

बॉन्डचं एकदाचं मिटवून टाकते. ते पाच हजार तू रोख भरलेले नाहीस, बहुतेक इन्शुरन्सवाल्यांची गॅरंटी घेतली असणार. आणि हेल्परला दिवस गेले म्हणून मालकाचा बॉन्ड जप्त होत नाही, परमिटचे नियम तिला सांगितलेले असले आणि कळल्यावर मिनिस्ट्रीला कळवलं की तू सुटलीस. सुटत नाही ती. तिचं परमिट जातं, तिला गावी परत पाठवतात. हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं माहितीये, दर सहा महिन्यांनी दिवस गेलेत का याची तिचीच तपासणी होते. त्यामुळे मेडिकल आधी करून घ्यायचं डोक्यातून काढून टाक, आणि मनात जरी ठेवलंस ना तरी तिच्या लक्षात येईल, या बायका मालकिणीचा चेहरा वाचून दिवस काढतात.

तर येत्या शनिवारी सकाळी तिला घेऊन बँकेत जायचं. खातं नसेल तर वर्क परमिटवर उघडून मिळतं. सगळी रक्कम तिच्या नावावर भरायची, महिन्यावार हिशोबाचा कागद तिला द्यायचा, एक कॉपी तिची सही घेऊन तुझ्याकडे. पुढच्या महिन्यापासून पूर्ण साडेसहाशे थेट खात्यात, घरी किती पाठवायचे, कसे पाठवायचे ते तिचं ती बघेल. भाषण करायचं नाही. 'आमचा तुझ्यावर विश्वास आहे' नाही, 'जपून वापर' तर अजिबात नाही, आणि त्या माणसाचा विषय त्या दिवशी काढलास तर सगळं पाण्यात, तिला वाटणार पैसे देऊन घालवतायत. सॉरी म्हणायचं असेल तर एका वाक्यात म्हण आणि गप्प बस. मोठ्या बहिणीचं नातं त्यानंतर बघू, शिल्लक राहिलं तर.

सातची अट? ती पण काढ. किल्ली दे तिला.

मिस्टर लक्ष घालू नकोस म्हणतात, ते प्रेमप्रकरणापुरतं बरोबर आहे. पण ते पाकीट दोन वर्षं त्यांनाही दिसत असेलच ना. त्यांनाही ने बँकेत. आणि शुक्रवारी रात्री दोघं बसून नोटा मोजून घ्या, मधे कधी टॅक्सीला, भाजीला त्यातून काढून परत टाकायचे राहिले असतील तर त्यांच्या खिशातून भर घाला, काउंटरवर तिच्यासमोर कमी पडायला नकोत.