नाताळच्या रोषणाईसाठी एफएम ट्रान्समीटर: ४५ डॉलरचा की १३० डॉलरचा?

नमस्कार,

इतर वाचकांनाही हिशेब कळावा म्हणून आपल्या पत्राचा गोषवारा आधी देतो. आपण ओहायोत स्वतःच्या घरात राहता. यंदा पहिल्यांदाच नाताळसाठी घरासमोर संगीताच्या तालावर चालणारी रोषणाई उभारत आहात आणि बघायला येणाऱ्यांनी गाडीत बसूनच रेडिओवर गाणी ऐकावीत, यासाठी आपल्याला छोटा एफएम ट्रान्समीटर घ्यायचा आहे. ठरवलेल्या ८०० डॉलरपैकी ६५० डॉलर एलईडीच्या माळा, कंट्रोलर आणि वायरिंगवर खर्च झाले असून १५० डॉलर उरले आहेत. आपल्यासमोर दोन पर्याय आहेत: ऑनलाइन मिळणारा ७ वॅटचा ४५ डॉलरचा ट्रान्समीटर आणि एफसीसीचे (अमेरिकेतल्या रेडिओ व दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेचे) प्रमाणपत्र असलेला, कमी शक्तीचा, १३० डॉलरचा. ८५ डॉलर वाचतात आणि रेंजही जास्त मिळते म्हणून आपला कल पहिल्याकडे आहे.

माझ्या मते आपण १३० डॉलरचाच घ्यावा. तो अधिक चांगला वाजतो म्हणून नव्हे, तर ४५ डॉलरच्या वस्तूसोबत येणारी जोखीम तिच्या किमतीत धरलेली नाही म्हणून.

अमेरिकेत परवान्याशिवाय एफएम पट्ट्यात, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये, प्रक्षेपण करायचे असेल तर एफसीसीच्या ‘पार्ट १५’ या नियमांनुसार यंत्रापासून ३ मीटरवर क्षेत्राची तीव्रता २५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरच्या वर जाता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ साधारण २०० फुटांचा टप्पा. हीच मर्यादा शक्तीच्या भाषेत मांडली, तर ती एका वॅटच्या सुमारे पाच कोटीव्या भागाच्या आसपास येते. त्यामुळे ७ वॅटचे यंत्र मर्यादा ‘थोडीशी’ ओलांडते असे म्हणायला जागाच उरत नाही. परवान्याशिवाय चालवलेल्या अशा केंद्रांसाठी २०२० च्या ‘पायरेट’ कायद्याने दंडाची कमाल मर्यादा दिवसाला १ लाख डॉलर आणि एकूण २० लाख डॉलरपर्यंत नेली, आणि महागाईनुसार हे आकडे पुढे वाढत गेले आहेत. कोणाच्या अंगणातल्या रोषणाईवर एवढा दंड लागेल असे मला मुळीच वाटत नाही. सहसा आधी नोटीस येते आणि यंत्र बंद केले की प्रकरण तिथेच थांबते. पण नोटीस आली की ऐन डिसेंबरमध्ये शो बंद पडतो आणि ६५० डॉलरची रोषणाई मुकी होते. ८५ डॉलर वाचवण्यासाठी हा धोका पत्करणे हा व्यवहार मला पटत नाही.

आता रेंजच्या मोहाविषयी, कारण आपल्या पत्रात खरा जोर त्यावरच आहे. आपले घर रस्त्यापासून ५० फूट आत आहे असे आपण लिहिले आहे. ट्रान्समीटर घराच्या दर्शनी भिंतीजवळ ठेवला आणि २०० फूट पल्ला मिळाला, तर रस्त्यावर दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे १९० फूट अंतर त्याच्या टप्प्यात येते. पुढची-मागची मोकळी जागा धरून एका गाडीला २५ फूट दिले, तर प्रत्येक बाजूला सातेक गाड्यांना गाणी नीट ऐकू येतील. त्यापलीकडे थांबलेल्या गाडीला आपली रोषणाईही धड दिसणार नाही. मग तिथवर आवाज पोहोचवण्यासाठी पैसे आणि जोखीम कशासाठी खर्च करायची?

स्वस्त यंत्राचे ४५ डॉलरही ४५ वर थांबतीलच असे नाही. त्याच्या अडॅप्टरमधून आवाजात घरघर येते, मग चांगला अडॅप्टर आणि ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओच्या वायरीतून येणारी घरघर अडवणारा छोटा जोड) घ्यावा लागतो. या दोन वस्तूंसाठी मी २५ ते ३० डॉलर धरेन. म्हणजे प्रत्यक्षातला फरक ८५ नव्हे, तर ५५-६० डॉलरचा आहे. शिवाय प्रमाणपत्र नसलेला ट्रान्समीटर विक्रीस ठेवणेही नियमात बसत नाही, त्यामुळे पुढे छंद सुटला तर त्याची पुनर्विक्री किंमत शून्य धरावी. प्रमाणित यंत्र पाच हंगाम चालले तर हंगामाला २६ डॉलर पडतात आणि शेवटी ते कोणालाही उजळ माथ्याने विकता येते.

प्रमाणपत्राची खात्री मात्र खोक्यावरच्या चिन्हावरून करू नये. नुसते ‘एफसीसी’ छापलेले असणे पुरेसे नाही. मुद्दाम लहरी सोडणाऱ्या यंत्राला स्वतःचा एफसीसी आयडी लागतो. तो क्रमांक एफसीसीच्या संकेतस्थळावर टाकला की मंजुरी कोणत्या यंत्राला आणि नियमांच्या कोणत्या भागाखाली मिळाली आहे ते दिसते. क्रमांक सापडत नसेल तर १३० डॉलरचे यंत्रही घेऊ नये. काही प्रमाणित यंत्रांत मेन्यूतून शक्ती वाढवता येते, काही जण लांब अँटेना जोडतात. असे केले की ज्या मंजुरीसाठी आपण जादा पैसे मोजले ती निरुपयोगी ठरते.

खरेदी ऑक्टोबरअखेर करावी. यंत्र हाती आले की अंधार पडल्यावर आपल्याच गाडीत बसून रिकामी वारंवारता शोधावी. अमेरिकेतली केंद्रे ८८.१, ८८.३ अशा विषम दशांशांवर असतात, म्हणून आपलीही तशीच निवडावी आणि तिच्या दोन्ही शेजारच्या जागा मोकळ्या आहेत ना ते पाहावे. १०७.९ सहसा मोकळी दिसली तरी मी ती टाळेन, कारण १०८ मेगाहर्ट्झपासून विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. कोणत्याही अधिकृत केंद्राला आपल्यामुळे अडथळा येता कामा नये, उलट त्यांचा अडथळा मात्र आपण सोसायचा, अशी पार्ट १५ ची अट आहे. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी वारंवारता बदलावी लागली तर अंगणातल्या पाटीवरचा आकडा सहज बदलता येईल अशी सोय ठेवावी. ही चाचणी परतीची मुदत संपण्याआधी झाली पाहिजे. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आठवड्यात घाईने मागवलेली वस्तू बिघडलेली निघाली, तर पैसे परत मिळूनही हंगाम हातचा जातो.

आपल्या पत्नीने सुचवलेला तिसरा मार्गही विचारात घेण्याजोगा आहे: घरात पडून असलेले बाहेरचे स्पीकर लावावेत आणि हा खर्चच करू नये. निव्वळ पैशांच्या हिशेबात तोच सर्वांत स्वस्त. पण आपल्या वसाहतीची गृहसंघटना आवाजाच्या तक्रारींवर दंड लावते असे आपणच कळवले आहे, आणि पाच आठवडे रोज संध्याकाळी तीच गाणी ऐकून शेजारी गप्प बसतील, यावर मी पैसे लावणार नाही. शेजाऱ्यांशी बोलणे झाले असेल, तर पहिल्या वर्षी हलक्या आवाजात स्पीकर लावून, गाड्या खरोखर थांबतात का हे पाहून, ट्रान्समीटर पुढच्या वर्षी घेण्यातही काही चूक नाही.

शेवटचा प्रश्न हप्त्यांचा. १३० डॉलरसाठी चार हप्त्यांची योजना घेऊ नये. उरलेल्या १५० मधून एकरकमी पैसे भरावेत आणि राहिलेल्या २० डॉलरमध्ये ट्रान्समीटर ओलीपासून सुरक्षित ठेवणारी पेटी व ऑडिओची वायर बसवावी. ब्लूटूथने आवाज पाठवला तर दिवे आणि गाणे यांत अंतर पडते, म्हणून वायर हवीच. एवढ्यात भागले नाही तर यंदा एक माळ कमी लावावी, पण आकस्मिक निधीला हात लावू नये.