वाचक विचारतात : ड्रेनेज लाइनचं तीस वर्षांचं गणित

जुन्या वस्त्यांतल्या ड्रेनेज लाइन बदलायचा विषय इंदुरात निघाला की हल्ली 'मॉडेल केलंय का?' असं आधी विचारलं जातं. पाइप, चेंबर, उतार आणि वाहणारं पाणी संगणकात मांडून पुढच्या तीस वर्षांचा भार आजच तपासण्याची ही पद्धत. तिच्याविषयी आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलनीची मुख्य लाइन बदलायची आहे. सल्लागारांनी तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून ५०० मिमीचा पाइप सुचवला आहे. समितीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की पुन्हा रस्ता खोदण्यापेक्षा ७०० मिमीचाच टाकून घ्यावा. यात काही चुकतंय का?
— कॉलनी समितीचे सचिव, राजेंद्रनगर

उत्तर : हो, चुकतंय, आणि त्याचा त्रास शेवटच्या वर्षात नाही, पहिल्या काही वर्षांतच सुरू होईल.

आधी हिशोब पाहू. पाणीपुरवठा आणि ड्रेनेजचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या २०१३च्या मॅन्युअलप्रमाणे मलवाहिनी ३० वर्षांसाठी आखतात, पंप मात्र १५ वर्षांसाठीच. ही वर्षं लाइन सुरू होईल तेव्हापासून मोजायची, प्रस्ताव मंजूर झाला त्या दिवसापासून नव्हे. समजा शेवटच्या वर्षी तुमच्या लाइनवर ४०,००० माणसं असतील. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये, म्हणजे १०८ लिटर. दिवसाचे झाले ४३.२ लाख लिटर, सेकंदाला सरासरी ५० लिटर. एवढ्या वस्तीला सकाळच्या गर्दीसाठी अडीचचा गुणक लावतात, म्हणून १२५ लिटर. ७०० मीटरला १ मीटर उताराने टाकलेला ५०० मिमीचा सिमेंटचा पाइप ८० टक्के उंचीपर्यंत भरला की सेकंदाला जवळपास १४० लिटर वाहून नेतो. तुमच्या सल्लागारांनी साधारण असंच गणित केलं असणार.

आता लाइन सुरू होईल त्या वर्षाकडे या. तेव्हा वस्ती १२,००० असेल तर गुणक ३ धरूनही कमाल प्रवाह ४५ लिटरच. ५०० मिमीच्या पाइपात त्याचा वेग सेकंदाला ०.६४ मीटर येतो. मॅन्युअलची सुरुवातीच्या वर्षांची किमान अट ०.६ची आहे, त्यामुळे इथवर ठीक. ७०० मिमीचा पाइप टाकताना मात्र कंत्राटदार उतार कमी करतो, कारण इंदुरात काळ्या मातीखाली लगेच काळा दगड लागतो आणि दगड फोडायचा खर्च मोठा. उतार ११०० मीटरला १ मीटर केला तर तेच ४५ लिटर ०.५३ मीटर वेगाने सरकतात. मग वाळू, राख, स्वयंपाकघरातली चिकटी तळाशी बसते, साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, पाइपच्या छताला त्याचं आम्ल होतं आणि सिमेंट खाल्लं जातं. मोठा पाइप म्हणून निश्चिंत राहायचं आणि दरवर्षी लाइन साफ करायला जोराचं पाणी मारणारी जेटिंग मशीन बोलवायची, अशी गत होते.

म्हणून सल्लागारांकडून दोन तक्ते मागा : पहिल्या वर्षी पाण्याचा वेग किती, आणि शेवटच्या वर्षी पाइप किती उंचीपर्यंत भरतो. एकच तक्ता मिळाला तर काम अर्धंच झालंय असं समजा. आणखी एक विचारा : १३५ लिटरमध्ये बोअरिंगचं पाणी धरलंय का? इंदुरात नर्मदेच्या नळाशिवाय घरोघरी बोअरिंग आहे. त्याला मीटर नाही, पण ते पाणी ड्रेनेजमध्येच जातं. बंगल्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहत असतील तर एकूण आकड्याइतकंच महत्त्व त्या कुठल्या गल्लीत होणार याला आहे. मॉडेलमध्ये वस्ती पूर्ण वॉर्डावर सरसकट पसरू देऊ नका, गल्लीगणिक मांडायला सांगा.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला की तळमजल्यावरच्या न्हाणीच्या जाळीतून घाण पाणी वर येतं. तक्रार केली की माणसं येतात, चेंबर उघडतात, 'लाइन साफ आहे' म्हणतात आणि जातात. लाइन साफ असेल तर पाणी येतं कुठून?
— एक गृहिणी, लोकमान्यनगर

उत्तर : ताई, लाइन साफ असूनही हे होऊ शकतं. मलवाहिनी पावसाच्या पाण्यासाठी आखलेलीच नसते. कागदावर पावसाची व्यवस्था वेगळी असते, पण प्रत्यक्षात गच्चीचा पाइप घराच्या मागच्या चेंबरला जोडलेला असतो, कारण ते सोपं पडतं.

त्यानं काय होतं ते आकड्यांत बघा. १०० चौरस मीटरची गच्ची आणि तासाला ५० मिमीचा पाऊस : एका गच्चीवरून तासाला ५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ लिटर. आता गल्लीतल्या ४० घरांचा मैला मोजा. घरटी पाच माणसं धरली तर सकाळच्या ऐन गर्दीतही सगळा मिळून सेकंदाला पाऊण लिटर. एकट्या गच्चीचं पाणी चाळीस घरांच्या मैल्याच्या दुप्पट झालं. चाळीसही गच्च्या जोडलेल्या असतील तर सेकंदाला ५५ लिटर. ४५० मीटरला १ मीटर उताराचा ३०० मिमीचा पाइप काठोकाठ भरूनही ४५ लिटरच नेतो. उरलेलं पाणी चेंबरांत चढत जातं आणि जिथे सगळ्यात खालचं तोंड सापडेल तिथून बाहेर येतं. तुमच्या न्हाणीची जाळी रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर रस्त्यावर थेंब दिसायच्या आधी पाणी तुमच्या घरात. रस्त्यावर दरवेळी नवा थर चढवतात, झाकणं उंच होतात, घरं होती तिथेच राहतात. एक लांब पारदर्शक नळी पाण्याने भरून गवंड्याकडून दोन्ही पातळ्या जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कारण ओळखायला वेळ नोंदवा. पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाणी चढत असेल आणि पाऊस थांबल्यावर लगेच उतरत असेल, तर गच्च्या आणि तुटकी झाकणं. पाणी उशिरा चढून दोन-तीन दिवस रेंगाळत असेल, तर जमिनीतून शिरतंय. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि या हालचालीने जुन्या पाइपांचे सांधे सरकतात. तिसरी शक्यता अशी की पाऊस तुमच्याकडे नाही, दुसऱ्या भागात पडला, तरी तुमची जाळी उलटते. तेव्हा दोष खालच्या मोठ्या लाइनचा किंवा पंपिंग स्टेशनचा असतो. हे तिन्ही प्रकार वेगळे, तिघांचे उपाय वेगळे. तारीख, वेळ आणि पाण्याची उंची लिहिलेली साधी वही तक्रारीला जोडली, तर मॉडेल करणाऱ्याला ती फार कामाची असते.

तोवर घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप) बसवून घ्या आणि त्याआधी आपल्या गच्चीचा पाइप ड्रेनेजमधून काढा. हा क्रम उलटा झाला तर बंद व्हॉल्व्हच्या आत तुमच्याच गच्चीचं पाणी कोंडून न्हाणीतून वर येईल. व्हॉल्व्ह बंद असताना वरच्या मजल्यावरच्यांनीही पाणी कमी वापरायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची झडप हाताने हलवून बघा, केस आणि कापडाच्या चिंध्या अडकून ती उघडीच राहते.

प्रश्न : प्रकल्पासाठी एसडब्ल्यूएमएम या ड्रेनेजचं मॉडेल करायच्या प्रोग्रॅममध्ये एका वॉर्डाचं मॉडेल केलं आहे. मॉडेल चालतं, पण चेंबरमध्ये मोजलेलं पाणी आणि निकाल यांचा मेळ बसत नाही. पाइपचा खरखरीतपणा ०.०१३वरून ०.०२० केला तर जुळतं. तसं ठेवू का?
— स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

उत्तर : नको. आकडा जुळेल, पण चुकीच्या कारणाने, आणि तीस वर्षांनंतरचा भार टाकलास की मॉडेल भलतंच सांगेल.

पहिला संशय पातळ्यांवर घे. चेंबरच्या तळाची पातळी जुन्या नकाशावरून, झाकणाची पातळी जीपीएसवरून असं झालं असेल तर दोन्ही वेगवेगळ्या पायावरच्या आहेत. जीपीएसची कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे कित्येक दहा मीटरांचा फरक पडतो. तेवढा फरक लगेच डोळ्यांत येतो, पण अंदाजे दुरुस्ती केल्यावर उरलेली २०-३० सेंटीमीटरची चूक लपून राहते. ७००ला १च्या उतारात ३० मीटर अंतरावरच्या दोन चेंबरांमध्ये फरकच सव्वाचार सेंटीमीटर असतो, तेव्हा २० सेंटीमीटरची चूक म्हणजे उलटा उतार. लांबीचा छेद काढ आणि जिथे पाइप वर चढताना दिसतो ती चेंबरं डंपी लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) पुन्हा मोज.

मग गाळ. पाइपच्या पाव उंचीपर्यंत गाळ असेल तर क्षेत्रफळ २० टक्केच घटतं, पण वहनक्षमता २८ टक्क्यांनी जाते. त्यासाठी खरखरीतपणा वाढवायचा नाही, पाइपचा आकार 'फिल्ड सर्क्युलर' (तळाशी गाळ भरलेला गोल पाइप) निवडून गाळाची खोली टाकायची. लाइन साफ केल्यावर काय होईल हेही मग एक आकडा बदलून बघता येतं.

गणनेची पद्धत 'डायनॅमिक वेव्ह' आहे ना ते पाहा. 'कायनेमॅटिक वेव्ह'मध्ये खालून वर दाटणारं पाणी दिसतच नाही, आणि तुंबणाऱ्या लाइनचा अभ्यास तर त्याचाच असतो. शेवटचं टोक मोकळं सोडलं असशील तर तिथे पंपिंग स्टेशनच्या विहिरीची खरी पातळी दे. झाकणावरून बाहेर पडलेलं पाणी 'पाँडिंग' (ते वर साठवून पुन्हा लाइनमध्ये घेण्याची सोय) सुरू नसेल तर मॉडेलमधून कायमचं नाहीसं होतं. त्यामुळे खालच्या लाइनचा भार कमी दिसतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. अहवालातली कंटिन्युइटी एरर, म्हणजे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पाण्याच्या हिशोबातली तफावत, रोज बघायची सवय लाव. ती दोन-चार टक्क्यांच्या वर गेली की खूप आखूड पाइप शोध आणि गणनेचा टप्पा काही सेकंदांवर आण.

जुळवणी कोरड्या दिवसांपासून सुरू कर. इथे एक खास अडचण येते : नळ एक दिवसाआड येत असेल तर ड्रेनेजचं चक्रही दोन दिवसांचं असतं, आणि एसडब्ल्यूएमएममधला दैनिक पॅटर्न रविवार ते शनिवार असा सात दिवसांचा. दोनाचं चक्र साताच्या आठवड्यात बसत नाही. म्हणून मोजलेला प्रवाह सरळ टाइम सिरीज (वेळेनुसार आकड्यांची यादी) म्हणून दे. पहाटे २ ते ४च्या दरम्यान वाहणारं पाणी बहुतेक गळतीचं आणि जमिनीतून शिरलेलं असतं, ते वेगळं काढून ठेव.

त्यानंतर पाऊस. लाइनमधला प्रवाह मोजणारं एरिया-व्हेलॉसिटी मीटर आणि पाच मिनिटांनी नोंद घेणारं पर्जन्यमापक एकाच वेळी लावून निदान तीन चांगले पाऊस पकड. पावसाचा कितवा भाग लाइनमध्ये शिरला, शिखर गाठायला किती वेळ लागला आणि ओसरायला त्याच्या किती पट, या तीन आकड्यांनी (आर, टी आणि के) पावसाने वाढलेल्या प्रवाहाचा आरटीके त्रिकोण बनतो : झटपट शिरणाऱ्या पाण्याचा एक, मधला एक, रेंगाळणाऱ्याचा एक. ब्रिटनमध्ये रूढ असलेला निकष असा : कोरड्या दिवशी कमाल प्रवाह आणि आकारमान १० टक्क्यांच्या आत, पावसात कमाल प्रवाह मोजमापापेक्षा २५ टक्के जास्त ते १५ टक्के कमी, आकारमान २० टक्के जास्त ते १० टक्के कमी. दोन पावसांवर जुळवून तिसरा न बदलता तपास. तिसराही बसला, तर मॉडेलवर भरवसा ठेव.

प्रश्न : महागडं सॉफ्टवेअर घेतलं तर निकाल अधिक अचूक येतात का?
— निवृत्त उपअभियंता, टिळकनगर

उत्तर : फारसे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम १९७१पासून आहे, फुकट आहे, आणि विकतचे प्रोग्रॅमही मुळात वाहत्या पाण्याची तीच सेंट-व्हेनांची समीकरणं सोडवतात. विकतच्यात नकाशे, पर्यायांची तुलना आणि रस्त्यावर पसरणारं पाणी दाखवण्याची सोय चांगली असते. पण निधी मर्यादित असेल तर तो चेंबर उघडून पातळ्या मोजण्यावर आणि प्रवाहमापकांवर घालावा.

प्रश्न : नाला टॅपिंगमुळे (नाल्यातला मैला अडवून ड्रेनेज लाइनमध्ये वळवल्यामुळे) कान्ह आणि सरस्वती या नद्या पुष्कळ स्वच्छ झाल्या. पण पावसात नाल्याचं पाणीही त्याच लाइनमध्ये शिरतं असं ऐकतो. पुढच्या तीस वर्षांच्या आराखड्यात याचा विचार कसा करतात?
— एक वाचक, जुनी इंदूर

उत्तर : ऐकलंय ते खरं आहे. हजारो घरांची तोंडं नदीत सुटायची, ती लाइनला जोडली गेली, आणि २०२१मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं शहर, ठरलं. ते काम मोलाचंच आहे. आता त्याच जोडण्यांना पावसाळ्यासाठी आवर घालायचा आहे.

नाल्यात छोटा बांध घालून ३०० मिमीच्या तोंडाने पाणी लाइनमध्ये घेतलंय असं धरा. उन्हाळ्यात जो थोडा मैला येतो तो सगळा आत जातो. पावसात तोंडाच्या मध्यापासून ३० सेंटीमीटर पाणी चढलं की तेच तोंड सेकंदाला सुमारे १०० लिटर आत ओढतं, १२० सेंटीमीटर चढलं की २०० लिटर. आधी पाहिलेल्या ४०,००० माणसांचा कमाल मैला १२५ लिटर होता, म्हणजे एकटं टॅपिंग त्याहून अधिक. तोंडावर १५० मिमी भोकाची पोलादी प्लेट बसवली तर तेवढ्याच पाण्यात चौथाई प्रवाह शिरेल आणि उरलेलं पावसाचं पाणी बांधावरून नदीत जाईल. भोक त्याहून लहान केलं तर प्लास्टिकच्या पिशवीनेच बंद पडेल.

मॉडेलमध्ये प्रत्येक टॅपिंग असं मांडतात : तोंड 'ऑरिफिस' म्हणून, बांध 'वेअर' म्हणून, आणि खाली नदीची तासातासाची पातळी. नदीची पातळी विसरली तर निकाल निरर्थक, कारण पूर आला की बांधाच्या खालूनही पाणी वर दाटतं आणि नदीच लाइनमध्ये शिरते.

जमिनीतून शिरणाऱ्या पाण्याचा आकडाही इथेच कळीचा ठरतो. मॅन्युअल हेक्टरी रोज ५,००० ते ५०,००० लिटर इतकी मोकळीक देतं. १५० हेक्टरच्या वस्तीत ५,००० धरले तर सेकंदाला ९ लिटर, २५,००० धरले तर ४३. पहिल्यात आधीच्या उदाहरणातला ५०० मिमीचा पाइप तीस वर्षं पुरतो, दुसऱ्यात शेवटी शेवटी कमी पडतो. न मोजता मधला आकडा लिहिणं म्हणजे पाइपची निवड नशिबावर सोडणं. म्हणून आराखड्यात तीन पर्याय शेजारी शेजारी चालवून बघावेत : पाइप मोठा करणं, सांध्यांना आतून लायनिंग करून गच्च्या वेगळ्या करणं, आणि पावसाचं शिखर ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवणारी टाकी. जुन्या, दाट वस्तीत दुसरा पर्याय आधी तपासायला हवा, कारण अरुंद गल्लीत खोल खोदकाम म्हणजे लगतच्या जुन्या भिंतींना धोका, आणि पाइप मोठा केला की सगळं पावसाचं पाणी शेवटी कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्रावर जाऊन पडतं.

नदीकडच्या तोंडांना फ्लॅप गेट (नदीचं पाणी आत येऊ न देणारी झुलती झडप) सांगितले असतील तर त्यांच्या देखभालीचा खर्चही आराखड्यात लिहून घ्या. एक विटेचा तुकडा अडकला तरी गेट उघडं राहतं, आणि मॉडेल मात्र ते बंदच आहे असं धरून चालतं. जूनच्या आधी एकदा आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर पुन्हा, माणूस पाठवून प्रत्येक गेट बघायला हवं.