देवावर सोडलं, तरी झोप का येत नाही?

‘सगळं देवावर सोडलंय, तरी काळजी जात नाही. माझी श्रद्धाच कमी पडते का?’

समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा ऐकू येतो. कुणाला मुलाची चिंता, कुणाला नोकरीची, कुणाला आजारपणाची. पण शेवटी स्वतःच्या श्रद्धेवरच संशय. त्यांपैकी एका बाईंची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ५२. पतीला नऊ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चुकवायचे, तपासणी पुढे ढकलायचे. बाई रोज पाऊण तास प्रार्थना करायच्या आणि रात्री जाग्या असायच्या.

“प्रार्थना झाली की उठून काय करता?”

“यांच्या गोळ्या मोजते.”

“जास्त उरल्या तर?”

“भांडण होतं.”

“आणि बरोबर भरल्या तर?”

त्या थांबल्या. “तरी पटत नाही. टाकून दिल्या असतील असं वाटतं.”

खरी अडचण इथेच होती. गोळ्या जास्त उरोत की बरोबर भरोत, मन शांत होणारच नव्हतं. त्यांना श्रद्धा वाढवायला सांगणं व्यर्थ ठरलं असतं. आधीच दोषी वाटणाऱ्या माणसावर आणखी एक ओझं पडलं असतं.

प्राचीन काळातला तत्त्वज्ञ एपिक्टेटस जन्माने गुलाम होता. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, हा भेद त्याच्या शिकवणीचा पाया. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती (त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी) मांडायला घेतली, तेव्हा त्याच्या विचारांचा आधार घेतला. मराठीत तर ही पद्धत एका अक्षरात सांगता येते. ‘साखर आटोक्यात राहायला हवी’ ही इच्छा झाली. ‘राहायलाच हवी’ म्हटलं, की तो ‘च’ झोप घेऊन जातो.

मग कागदावर काम सुरू झालं. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘माझं’, उजवीकडे ‘माझं नाही’. त्यांनी ‘माझं’खाली चौदा गोष्टी लिहून आणल्या. पहिली होती, ‘यांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.’ बहुतेकांची चूक इथेच होते. त्यावर कसोटी अशी: वाक्याचा कर्ता ‘मी’ हवा, क्रियापद हाता-पायांनी करता येणारं हवं आणि पुढे वार व वेळ लिहिता यायला हवी. ‘मी शांत राहीन’ हेही या कसोटीला उतरत नाही. चौदांपैकी नऊ गोष्टी उजवीकडे गेल्या. दोन खोडल्या. उरल्या तीन.

उजवीकडचा रकाना बराच वेळ न्याहाळून बाई म्हणाल्या, “म्हणजे मी देवाकडे खात्री मागत होते.”

“आणि खात्री मिळाली असती, तर श्रद्धेला काम काय उरलं असतं?”

त्या रडल्या, पण चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसत होता. कितीतरी बैठकांचं सार त्या एका वाक्यात आलं आणि ते त्यांनी स्वतः शोधलं होतं. समुपदेशकाने आयतं हातात ठेवलेलं वाक्य घरी पोचेपर्यंत विरून जातं.

त्या तीनपैकी पहिलं काम पतीशी बोलण्याचं. जेवताना नाही, अहवाल हातात असताना तर नाहीच. दोघं निवांत असताना एकच प्रश्न विचारायचा: “माझी मदत तुम्हाला नेमकी कशात हवी आहे?” उत्तर आलं, “तपासणीची तारीख लक्षात ठेव आणि संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला ये. गोळ्या माझ्यावर सोड.” त्यांनी सात खणांची डबी आणली, दर रविवारी ते स्वतः भरू लागले. दर तीन महिन्यांच्या तपासणीची तारीख आणि अर्धा तास चालणं बाईंच्या रकान्यात गेलं. मोजणं बंद. (रुग्णाला विसरभोळेपणा असेल किंवा साखर एकदम उतरून भान हरपत असेल, तर मात्र लक्ष ठेवणं हीच जबाबदारी, तिथे हा नियम लावू नये.)

काळजीसाठीही वेळ ठरवली. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रोज अर्धा तास, एकाच वेळी, एकाच जागी बसून काळजी करायची असते. एरवी काळजी आली की ती त्या वेळेवर ढकलायची. अंथरुणात हा वेळ घेऊ नये, नाहीतर अंथरूण आणि काळजी यांची सांगड बसते. पहिल्या दोन आठवड्यांत बाईंची चलबिचल उलट वाढली. सवय मोडताना असं होऊ शकतं, पण बरेच जण नेमके तेव्हाच सोडून देतात. त्यांनी सोडलं नाही.

तीन महिन्यांनी साखर थोडीच उतरली होती. बाईंना मात्र झोप लागू लागली होती. प्रार्थनेचे शब्दही बदलले होते. ‘यांना काही होऊ देऊ नकोस’च्या पुढे त्या आता म्हणतात, ‘आणि माझं काम मला नीट करू दे.’ प्रार्थना दहा मिनिटांत होते. मग त्या डबीकडे न वळता चपला घालतात आणि दारात पतीची वाट बघतात.