दोन वर्षं कधीपासून मोजणार?

प्रश्न : यंदाच पदवी झाली, विषय आयटीचा नाही. एक कन्सल्टन्सी बारा आठवडे ट्रेनिंग देऊन क्लायंट कंपनीत कामाला पाठवणार आहे. त्याबदल्यात दोन वर्षांचा बाँड आहे, म्हणजे तोवर नोकरी न सोडण्याचा करार. सही करावी का?

उत्तर : दुसऱ्या शाखेतून आयटीत शिरायला ही वाट वाईट नाही. फक्त त्यातला व्यवहार ओळखा. क्लायंट तुमच्या कामाचे पैसे बहुधा दिवसाच्या दराने कन्सल्टन्सीला देतो. तुमच्या हाती ठरलेला पगार येतो. मधल्या फरकातून ट्रेनिंगचा खर्च आणि नफा निघतो. तो निघण्याआधी तुम्ही जाऊ नये, म्हणून बाँड.

करारात सगळ्यात आधी पाहा, दोन वर्षं कधीपासून मोजणार. रुजू झाल्यापासून, की क्लायंटकडच्या पहिल्या दिवसापासून? दुसरं असेल तर ट्रेनिंग आणि पुढे बेंचवर, म्हणजे क्लायंटचं काम नसताना, काढलेले दिवस जमेस धरत नाहीत, आणि दोनाची अडीच वर्षं सहज होतात. दोन प्रोजेक्टांमधला बेंचही वगळतात का? तेव्हा पगार पूर्ण, अर्धा की शून्य? उत्तरं ईमेलवरच घ्या. फोनवरचं गोड बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

मग भरपाई, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास तुम्ही द्यायची रक्कम. ती महिन्यागणिक कमी होत गेली पाहिजे. तेविसाव्या महिन्यातही पूर्ण रक्कम मागणाऱ्या करारावर सही करू नका. क्लायंट मिळाला नाही म्हणून कंपनीनेच काढलं, तर भरपाई लागणार नाही, हेही करारात स्पष्ट हवं.

प्रश्न : जाव्हा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात आणि सपोर्टला, म्हणजे चालू सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवायला बसवतात, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : होतं तसं. ट्रेनिंगचा विषय आधी ठरतो, काम मात्र क्लायंटच्या गरजेप्रमाणे मिळतं. मागच्या दोन बॅचमधले किती जण कोणत्या कामावर गेले, हे इंटरव्ह्यूतच विचारा. सपोर्ट मिळालाच तर नुसती तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करत बसू नका. तीच अडचण पुन्हा पुन्हा येत असेल तर लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी) वाचून मूळ शोधा, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करा, हाताने होणाऱ्या कामाची स्क्रिप्ट, म्हणजे ते आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहा. डेव्हलपमेंट टीमकडे जागा मागताना हेच दाखवता येतं.

रेझ्युमेत नसलेला अनुभव घालायला सांगितलं तर साफ नकार द्या. क्लायंटच्या इंटरव्ह्यूत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ते उघडं पडतं, आणि पडताळणीत सापडलं तर नोकरी तुमची जाते.