गोळी तिची, मग तुझं काय?

बाळा,

(एकविसाव्या वर्षी बाळा म्हटलेलं तुला आवडत नाही, तरी.)

"काकू, काही झालंच तर मेडिकलमधून गोळी आणता येते, मग एवढं टेन्शन कशाला?" असं तू विचारलंस. विचारलंस ते बरं केलंस. पण ती गोळी तुझ्या मैत्रिणीला घ्यावी लागते, तुला नाही, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

ती गर्भ राहू नये म्हणून घ्यायची आणीबाणीची गोळी आहे. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती स्त्रीबीज सुटणं लांबवते. बीज आधीच सुटलेलं असेल तर फारसा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ त्या गोळीनं पडत नाही. लांबलेलं बीज चार दिवसांनी सुटू शकतं, म्हणून गोळी घेतली की महिनाभर बिनघोर, हे डोक्यातून काढ. पाळी आठवडाभराहून जास्त लांबली तर गर्भचाचणीच्या किटवर तपासणी करायची. 'सेफ दिवस', म्हणजे गर्भ राहणार नाही असे दिवस, मोजून बिनघोर राहणाऱ्यांचंही तेच. पुरुषबीज तिच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतं, आणि पाळी काही कॅलेंडर बघून येत नाही.

तुझ्या हातात आहे तो कंडोम. गर्भ आणि लैंगिक आजार, दोन्हींपासून वाचवणारं तेवढं एकच साधन. तारीख बघून घे. मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन् महिने ठेवून त्यावर बसू नकोस. दातानं फाडू नकोस, टोकातली हवा चिमटीनं काढ, तेल किंवा व्हॅसलीन लावू नकोस, त्यानं रबर कमजोर होतं. आणि सुरुवातीपासून घालायचा, शेवटी शेवटी नव्हे. मागायची लाज वाटते म्हणतोस. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली. शंभर वर्षं उलटली तरी मेडिकलवाला पुडा वर्तमानपत्रात गुंडाळूनच देतो. देऊ दे. तू घेऊन ये.

गर्भ राहू नये म्हणून रोज घ्यायची माला-एन गोळी, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, हे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्यातलं काय घ्यायचं ते तिनं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. तू सोबत जा, बाहेर बाकावर बस.

एवढं करूनही दिवस गेलेच, तर लपवण्यात वेळ घालवू नका. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवून देणारा मित्र प्रत्येक हॉस्टेलवर असतो, त्याच्या नादी लागू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून जिवावर बेततं. मान्यताप्राप्त केंद्रात जा. ती अठरा पूर्ण असेल तर तिची एकटीची सही पुरते, आईवडिलांची लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात लग्नाची अटही राहिलेली नाही, आणि 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. ती अठराच्या आतली असेल, तर मात्र "ती हो म्हणाली होती" हे कायदा ऐकत नाही. तिथे थांबायचं, बस्स.

अठरा पूर्ण असली तरी गप्प बसणं म्हणजे होकार नाही. विचार, आणि उत्तर यायची वाट बघ.

तुझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा ना? सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. त्याला तिथे पाठव. तुझ्यासारखं त्यालाही हॉस्टेलवरच सगळं शिकायला नको.

तुझी काकू