सहाच्या पुढे ब्रेकपॉइंट लागत नाही, म्हणून एम्बेडेड (मशीनमधल्या चिपचं प्रोग्रामिंग) सोडू का?

प्रश्न : मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भट्टीचं तापमान मोजायचा प्रोजेक्ट एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या 'ब्ल्यू पिल' बोर्डवर करतेय. प्रोग्राम फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) टाकला की डीबगर (चुका शोधायचं साधन) सहाच्या पुढे ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायच्या खुणा, घेत नाही. एकेक ओळ चालवली की भलतीकडेच उडी मारतो. पप्पा म्हणतात, नाद सोड, पुण्याला जाऊन जावाचा क्लास लाव. मला खरंच जमत नाही का?

उत्तर : अगं, सहावर अडायलाच हवं होतं! तुझ्या चिपमधला कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर तेवढेच ब्रेकपॉइंट देतो. प्रोग्राम रॅममध्ये असेल तर डीबगर हव्या त्या जागी थांबण्याची सूचना लिहितो आणि नंतर मूळ सूचना परत ठेवतो. फ्लॅशमध्ये एवढ्यासाठी १ केबीचं अख्खं पान (मेमरीचा तुकडा) पुसून पुन्हा लिहावं लागतं, आणि तसं करण्याची हमी असते १०,००० वेळांची. म्हणून सूचनेचा पत्ता आपण दिलेल्या पत्त्याशी जुळला की थांबवणारे ६ कम्पॅरेटर (तुलना करणारी सर्किट) चिपमध्येच बसवलेले असतात. जुने ब्रेकपॉइंट काढत जा. एखादं व्हेरिएबल कोण बिघडवतंय ते पकडायला वॉचपॉइंट (त्या व्हेरिएबलला हात लागला की थांबवणारी खूण) लाव. ते ४ वेगळे मिळतात. उड्या कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनमुळे (कोड वेगवान करायला तो सूचनांची फेरमांडणी करतो, त्यामुळे) पडतात, डीबग करताना ते कमी ठेव. आणि वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) वापरत असशील तर एक लक्षात ठेव : प्रोग्राम थांबला तरी तो मोजतच राहतो आणि चिप रीसेट करतो. डीबगच्या वेळी त्यालाही थांबवायची सोय त्याच चिपमध्ये आहे, मॅन्युअलमध्ये शोध.

आता पप्पांचं. त्यांची काळजी रास्त आहे. जावाच्या जागा जास्त निघतात, फ्रेशरला लवकर मिळतात. पण शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये, इचलकरंजीच्या मागांवर कंट्रोलर बसलेले आहेत, आणि पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं काम चालतं. तिथे कोड लिहिणारे मिळतात. चालू मशीन मध्येच का अडलं हे शोधून काढणारं माणूस मात्र हुडकावं लागतं. तू आत्ता ज्याला कंटाळलीस, तीच या धंद्यातली कमाईची विद्या आहे, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा लगेच क्लासची फी भरू नकोस. प्रोजेक्ट पुरा कर आणि एक वही घाल : काय बिघडलं, काय वाटलं, कसं तपासलं, कारण काय निघालं. मुलाखतीला ती वही घेऊन जा. सुट्टीत शिरोलीत कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणाऱ्याकडे काम मिळतंय का ते बघ, पैसे कमी दिले तरी चालतील. तिथेही बिघाड शोधायचा कंटाळाच आला, तर जावाकडे खुशाल जा. सी भाषा शिकलेली तिकडेही उपयोगी पडेल. पप्पांना मात्र सुट्टी संपेपर्यंत थांबायला सांग, आणि तोवर प्रोजेक्ट एकदा त्यांच्यासमोर चालवून दाखव.