जंजिरा म्हणजे साखळी नव्हे

मुरूडला जाऊन आलेल्या एका वाचकांनी विचारलंय, "जंजिरा हा शब्द जंजीर म्हणजे साखळीवरून आला, बुरूज आणि तट कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून हे नाव पडलं, असं होडीत ऐकलं. खरं का?"

नाही. जंजिरा म्हणजे बेट. मूळ अरबी शब्द जझीरा. अरबी 'झ' आपल्या जिभेवर सहज 'ज' होतो, मध्ये एक अनुस्वार घुसला आणि जझीऱ्याचा जंजिरा झाला. साखळीची 'जंजीर' फारसी, तिचं कूळ निराळं. दोन्ही शब्द ऐकायला शेजारी बसले म्हणून लोकांनी सोयरीक जुळवली. ओळखीच्या शब्दावरून अनोळखी शब्दाचा अर्थ लावायची ही सवय सगळ्याच भाषांत आहे, होडीवाल्यांना दोष देऊ नये.

पुरावा मुरूडला शोधण्यापेक्षा मालवणला जा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या किल्ल्याचं वर्णन चित्रगुप्ताच्या बखरीत "सिंधुदुर्ग जंजिरा" अशा शब्दांत येतं. तिथे ना साखळी, ना सिद्दी, ना मुरूड. पाण्यातला किल्ला, एवढाच अर्थ. (त्या खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात आजही गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. 'बाव' म्हणजे विहीर हा शब्द किनाऱ्यावर अजून जिवंत आहे याचा मला फार आनंद आहे.) मराठी कागदपत्रांत 'जंजिरे सुवर्णदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असंही सापडतं. विजयदुर्ग तर आज नुसता तीन बाजूंनी पाण्यात आहे. पण अरबीतही जझीरा हा शब्द बेटाला चालतो तसा द्वीपकल्पालाही चालतो. 'अल जझीरा' या वृत्तवाहिनीच्या नावात अरबस्तानाचं द्वीपकल्पच अभिप्रेत आहे.

'जंजिरे' मधल्या त्या 'ए' कडे जरा थांबून बघा. किल्ला एक असून आपण 'किल्ले रायगड' म्हणतो, गाव एक असून सातबाऱ्यावर 'मौजे' लिहितो. हे अनेकवचन नव्हे. दोन नामं जोडताना फारसीत मध्ये 'ए' येतो, त्याला इजाफत म्हणतात. दफ्तरातून ती मराठीत उतरली. 'जंजिरे सिंधुदुर्ग' त्याच साच्यातलं आहे. म्हणजे 'जंजिरा' हा 'किल्ला' सारखाच प्रकार सांगणारा शब्द होता, विशेषनाम नव्हता.

मग तो एकट्या मुरूडच्या किल्ल्याला का चिकटला? मला वाटतं, बाकीच्यांना स्वतःची दणदणीत नावं होती, याला नव्हतं. याची ओळख समोरच्या राजपुरी गावावरून. समोर पद्मदुर्ग उभारल्यावर राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, असं महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रात आहे, तिथेही नाव राजपुरीचंच. पुढे सिद्दींच्या संस्थानालाच जंजिरा म्हणू लागले, ते १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, तोवर शब्दाचं विशेषनाम पक्कं झालेलं होतं. त्यामुळे आज 'जंजिरा किल्ला' म्हणण्यात काही चूक नाही. 'बेट किल्ला' असा त्याचा अर्थ होतो, इतकंच.

या शब्दाची भावंडं कुठे कुठे आहेत ते पाहिलं की मन हरखतं. उत्तर आफ्रिकेतलं अल्जीयर्स हे 'अल-जझाइर', म्हणजे 'बेटं'. शहराच्या किनाऱ्यालगत पूर्वी लहान बेटं होती, त्यांवरून. त्यावरूनच अल्जीरिया देशाचं नाव. स्पेनच्या दक्षिण टोकाचं अल्जेसिरास हे 'अल-जझीरा अल-खद्रा', हिरवं बेट. आपला मुरूडचा किल्ला, एक देश आणि एक स्पॅनिश बंदर, तिघांच्या नावात एकच शब्द!

तो आला समुद्रावरून, खलाशांच्या तोंडून, आणि एकटा आला नाही. खलाशी हाच शब्द अरबी. 'सिद्दी' अरबी 'सय्यिदी', माझे धनी, यावरून. कोळीवाड्यात ज्याला मानानं 'नाखवा' म्हणतात तो फारसी 'नाखुदा', नावेचा मालक. त्यातलं 'ना' हे 'नाव' आहे, आणि आपल्या संस्कृत 'नौ' शी त्याचं रक्ताचं नातं आहे. म्हणजे निम्मा नाखवा मुळातच आपल्या घरचा! आंग्र्यांच्या ताफ्यातलं 'गुराब' जहाज अरबी 'घुराब' वरून, आणि घुराब म्हणजे कावळा. ज्या 'आरमारा'त ही गुराबं होती, तो शब्द मात्र पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'चा.